हात वर करायचा राहिला

आमच्या इमारतीखाली माती चाळायला सुरुवात झाली की मी चौदाव्या मजल्यावरच्या खिडक्या लावून घेतो. सूनबाईला वाटतं, मला धुळीचा त्रास होतो. धूळ कुठली चौदा मजले चढतेय! आवाज चढतो. लोखंडी चाळणीवर फावड्यानं माती टाकली की सर्रकन एक आवाज येतो, मग चाळणी हलवल्याची खरखर, मग खडे बाजूला पडल्याचा खडखडाट. दिवाळी सरली, सकाळी अंगावर चादर ओढून घ्यावीशी वाटू लागली, की करी रोडला हा आवाज यायचाच. आता कबड्डीचे सामने मॅटवर होतात, पायात बूट असतात. पण आमचं मंडळ हट्टी. वर्षातून एकदा मातीचं मैदान करतं. चाळलेल्या मातीवर पाणी मारतात, रूळ फिरवतात आणि चुन्याची फक्की मारून पाट्या आखतात. तो ओला वास मात्र खिडकी लावली तरी येतो.

यंदा मंडळाची दोन पोरं वर आली. स्मरणिका काढतायत म्हणे. "आजोबा, तुमची कारकीर्द लिहून द्या ना. खेळाडू म्हणून, कोच म्हणून. दोन पानं फक्त." एकानं माझ्या कपाटातल्या ढालींचे फोटोही काढले. मी म्हटलं, देतो. पोरं गेली आणि मी कागद घेऊन बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, "माझी कारकीर्द लालबागच्या मैदानावर सुरू झाली." ते खरं आहे. दुसरं वाक्य काही केल्या पुढं सरकेना, कारण कशी सुरू झाली ते लिहायला हवं होतं.

तेव्हा कबड्डी कोणी म्हणत नसे, हुतूतूच. गिरण्यांचा साडेतीनचा भोंगा झाला की पहिल्या पाळीची माणसं डोक्यातला कापूस झटकत बाहेर पडायची आणि घरी जायच्या आधी मैदानाच्या कडेला उकिडवी बसायची. उन्हं उतरेपर्यंत खेळ. कोणाच्या हातात भज्यांचा पुडा, कोणाच्या कडेवर पोर. वरच्या गॅलऱ्यांतून बायका वाळत घातलेले कपडे बाजूला सारून बघायच्या. मातीचा, घामाचा आणि कोणाच्या तरी खिडकीत वाळणाऱ्या बोंबलांचा मिळून एक वास असायचा. माझ्या तरुणपणाला कोणी वास विचारला तर मी हाच सांगेन.

त्या मैदानाचे मालक आमचे बाबल मास्तर. म्हणजे जमीन कोणाची का असेना, मालक तेच. मालवणकडचा काटक माणूस, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला आणि गिरणीतून सुटला की आमचा शिक्षक. मास्तरांचा नियम एकच होता. चढाईला आलेल्याचा हात-पाय तुम्हाला लागला, तर पंचानं बघितलं असो नसो, आपण आपला हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. "आपल्याक लागला तां आपणाक कळता," ते म्हणायचे, "मगे पंचाक कित्याक तरास?" ते स्वतः खेळत होते तेव्हा एक अंतिम सामना असाच हात वर करून हरले होते. ढाल गेली, पण गिरणगावात त्यांचं नाव झालं ते त्या हरलेल्या सामन्यानं. पुढंपुढं तर अशी रीतच पडली की मास्तरांचा संघ खेळत असला आणि पंचाला नीट दिसलं नाही, तर पंच खुशाल कडेला वळायचा, "मास्तर, तुम्ही सांगा." मास्तर सांगतील तो निकाल. समोरचा संघही मान तुकवायचा. आता हे कोणाला सांगितलं तर हसतील. स्वतःच्या संघाचा निकाल स्वतःच द्यायचा, आणि लोकांनी तो ऐकायचा!

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सगळं गिरणगाव एका तव्यावर तापलेलं. भिंतीवर चुन्यानं घोषणा रंगवायला आम्ही हुतूतूवाले पुढं, कारण पोलीस आले तर पळायला आम्हीच बरे. माझ्या जोडीला असायचा गंगाराम. भोईवाड्याच्या संघाचा गडी, वयानं माझ्याएवढाच, एकोणीस-वीस. काळाशिडशिडीत, आणि पायानं टिपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या चाळीनं नुकताच धम्म घेतला होता. घरातले देव गेले होते, देवळीत एक तसबीर आली होती. मैदानात आम्ही एकमेकांची हाडं मोडायला टपलेले आणि रस्त्यावर एकाच बादलीतून चुना घेणारे.

एकदा मोर्चावर अश्रुधूर सोडला. मला काही दिसेना, आंधळ्यासारखा भिंत चाचपत होतो. गंगारामनं माझं मनगट धरलं आणि ओढत नेलं ते थेट भोईवाड्यात, त्याच्या खोलीत. आपला रुमाल पिंपात भिजवून माझ्या डोळ्यांवर दाबून धरला. "चोळू नको रे येड्या, नुसता धर." त्याच्या आईनं भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढं ठेवलं. मी जेवलो, चांगला दोन भाकऱ्या जेवलो. घरी आल्यावर माझ्या आयेनं विचारलं, "खय होतंस? काय खाल्लंस काय?" मी म्हटलं, "नाय, उपाशीच आसय." आणि भरल्या पोटावर पुन्हा जेवलो. मोर्चात 'आम्ही सारे एक' म्हणून घसा बसवून आलेला मी. खोटं बोलायची ती बहुधा तालीमच होती, पण तेव्हा ती कोणाला लागली नाही आणि मला नुसतं अजीर्ण झालं.

मग आली माघातली ती स्पर्धा. अंतिम सामना आमचा आणि भोईवाड्याचा. त्या सामन्याला एका मोठ्या गिरणीचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. तेव्हा गिरण्यांचे हुतूतूचे संघ असत आणि चांगल्या गड्याला गिरणी नोकरी देऊन घेत असे. साहेबांनी दोन्ही संघांना आधीच सांगून ठेवलं होतं, की एकच जागा आहे, जिंकणाऱ्या संघातला गडी उचलणार. आमच्याकडून माझं नाव, त्यांच्याकडून गंगारामचं. माझ्या बापाची छाती कापसानं भरली होती, तो पायऱ्या चढताना मध्येच बसायचा. नोकरी मला हवीच होती. पण गंगारामला ती कशी हवी होती ते मला ठाऊक होतं, कारण भिंत रंगवताना त्यानंच सांगितलं होतं. जागा साच्यांच्या खात्यातली होती. साच्यावर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. उष्ट्याच्या नावाखाली त्याच्या लोकांना तिथं उभं करत नसत. त्याचा बाप तीस वर्षं सूत कातायच्या खात्यातच राहिला. "मी आत गेलो ना वसंता," तो म्हणाला होता, "तर आमच्या चाळीतला पहिला असेन."

सामना बरोबरीत होता. शेवटची चढाई गंगारामची. उन्हं तिरपी होऊन माती तांबूस दिसत होती. तो हुतूतू घुमवत आला, उजवीकडे झुकल्यासारखं केलं आणि मी मागं सरकताना त्याचा डावा पाय सुळकन पुढं आला. माझ्या टाचेच्या वर, घोट्यामागे, त्याच्या अंगठ्याचं नख लागलं. मुंगी चावल्यासारखं, पण लागलं. तो दम न सोडता मध्यपाटीला परत गेला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. एक गुण. संपला सामना.

पंच दुसऱ्या बाजूला होता. त्याला दिसलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा हात वर जायला हवा होता. सात वर्षं तो आपसूक वर जात होता, त्यात विचार करायचं काही नव्हतं. त्या दिवशी मी विचार केला. किती वेळ? डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढा. खुर्चीवरचे साहेब दिसले, बापाची खोकल्यानं वाकलेली पाठ दिसली, आणि मी हात मांडीला चिकटवून उभा राहिलो. वर एक शहाणपण केलं. पाय मातीत घासला, घोट्याला माती फासली गेली.

"लागलाय ह्याला," गंगाराम म्हणाला. "त्यालाच विचारा."

पंच रीतीप्रमाणे कडेला वळला. "मास्तर, तुम्ही सांगा."

मास्तरांच्या आणि माझ्यामध्ये आमचेच दोन गडी उभे होते. त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय रे वसंता, लागला काय तुका?"

मी मान हलवली. नाही.

मास्तरांनी पंचाकडे बघून सांगितलं, "नाय लागूक." हे त्यांनी माझ्या भरवशावर सांगितलं. आयुष्यभर जपलेला शब्द त्यांनी माझ्या मानेच्या एका हिसड्यावर खर्ची घातला.

"वसंता, बोल की रे!" गंगाराम माझ्याकडे येत म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला नव्हता, आश्चर्यानं भरलेला होता. मी खाली बघत होतो. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर खोटं बोलतील होय? तू कोण रे सांगणारा?" दुसऱ्यानं त्याच्या जातीवरून एक शब्द टाकला. तो शब्द मी इथं लिहिणार नाही, पण मी तो ऐकला. ओरडणारी माणसं अनोळखी नव्हती. आदल्या आठवड्यात मोर्चात हीच गंगारामच्या खांद्याला खांदा लावून चालत होती. त्यानं पाटीबाहेर ठेवलेला आपला सदरा उचलला आणि निघून गेला. बरोबरी फोडायला दिलेल्या जादा चढाईत आम्ही गुण मिळवला आणि ढाल आमची झाली. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. त्या उंचीवरून मला तो बराच लांबपर्यंत जाताना दिसला.

सामना झाल्यावर मास्तर आमचे पाय तेलानं चोळायचे. मोठा मान होता तो. म्हातारा माणूस जमिनीवर बसून पोरांचे पाय मांडीवर घेतोय, तुम्हाला लाज वाटायची पण ते ऐकायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझा पाय घेतला, ओल्या फडक्यानं माती पुसली. घोट्यामागे नखाचा ताजा ओरखडा होता, लाल, बोटाच्या पेराएवढा. त्यांचा अंगठा तिथं थांबला.

"हो खयचो?"

"सकाळचो," मी म्हटलं. "जिन्यात पत्रो लागलो."

"बरा," ते म्हणाले, आणि त्यावर तेल लावलं. नेहमीपेक्षा जास्त हळुवारपणे लावलं. झोंबलं मला.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. शिव्या घातल्या असत्या, कानफटात वाजवली असती, तर बरं झालं असतं. माणूस मार खाऊन मोकळा होतो. पण पुढच्याच सामन्यात पंचानं सवयीनं वळून म्हटलं, "मास्तर, तुम्ही सांगा," तेव्हा मास्तर म्हणाले, "माका दिसूक नाय." त्याच्या पुढच्या सामन्यातही तेच. समोर हाताच्या अंतरावर गडी बाद झालेला, सगळ्या मैदानाला दिसलेला, आणि मास्तर म्हणतात, माका दिसूक नाय. लोक हळहळले. म्हणाले, साच्यांवर काम करून डोळे गेले बिचाऱ्याचे. मंडळानं ठरवलं, मास्तरांना चष्मा करून द्यायचा. आणि त्यांना दादरला घेऊन जायचं काम त्यांच्या लाडक्या गड्यावर, म्हणजे माझ्यावर आलं.

चष्मेवाल्यानं भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मास्तरांनी वरची ओळ वाचली, दुसरी वाचली. मग तिसरी, चौथी. सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळसुद्धा त्यांनी न अडखळता वाचली. वाचताना ते तक्त्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. चष्मेवाला म्हणाला, "यांना नंबरच नाही. माझ्यापेक्षा चांगले डोळे आहेत."

"साधी काच घाल," मास्तर म्हणाले.

"अहो पण कशाला?"

"पोरांनी एवढ्या मायेन धाडल्यानी हां. घाल."

परत येताना आम्ही दादरहून लालबागपर्यंत चालत आलो. सबंध वाटेत ते दोन पावलं पुढं चालत होते. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, "ऊन हा." दुसऱ्यांदा म्हटलं, "मास्तर," आणि त्यांनी वळून त्या नव्या साध्या काचेतून माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, "गाडी येता, बाजूक सरा." तो चष्मा त्यांनी मरेपर्यंत वापरला.

मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला, तेव्हा लालबागमध्ये जो दिसेल तो दिसेल त्याला मिठी मारत होता. पेढ्यांचं पीठ झालं होतं लोकांच्या हातात. त्या गर्दीत मला गंगाराम दिसला. त्यानंही मला बघितलं असावं. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागलो. अंगठा शाबूत होता. बराच वेळ नीट केला मी तो. उठलो तेव्हा तो नव्हता. कसली लाज ही, की ज्या मातीसाठी दोघांनी मिळून भिंती रंगवल्या ती मिळाली त्या दिवशी मी चपलेशी खेळत बसलो!

बाकी कारकीर्द म्हणाल तर झकास झाली. साहेबांची ती जागा मला मिळाली, गिरणीच्या संघात बरीच वर्षं खेळलो, मुंबईचा बनियन अंगावर चढला, गावोगावी हार पडले. गुडघे गेल्यावर कोच झालो. माझी पोरं चलाख म्हणून नावाजली गेली. त्यांना मी सगळं शिकवलं. पकड कशी करायची, दम कसा राखायचा, कोपरा कसा सांभाळायचा. फक्त एक शिकवू शकलो नाही. "लागलं तर हात वर करा," हे वाक्य माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? पोरं बिनबोभाट लपवायला शिकली, पंचाशी हुज्जत घालायला शिकली, आणि लोक म्हणायचे, वसंतरावांचे गडी बघा, कसे तयार आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती साठ वर्षं झाकली, आणि माझ्या हाताखालच्या शेकडो पोरांना मूठ झाकायला शिकवून बसलो.

गंगाराम पुन्हा खेळला नाही. शिकला, रेल्वेत चिकटला, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला, वडाळ्याला मुलाकडे राहतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. मास्तरांच्या मयताला तो आला होता. त्यानं खांदा दिला, मी मागं चालत राहिलो. मास्तरांच्या डोळ्यांवर तेव्हा चष्मा नव्हता. घरच्यांनी काढून ठेवला होता.

ही सगळी कर्मकथा मंडळाच्या स्मरणिकेला चालणार नाही, हे मला कळतं. त्यांना दोन पानं अभिमान हवा आहे. पण मातीचा तो सर्रकन आवाज गेले आठ दिवस खालून येतोय आणि मी कागद फाडतोय. शेवटी परवाच्या रविवारी सूनबाईला म्हटलं, वडाळ्याला जाऊन येतो. ती म्हणाली, कोणाकडे? मी म्हटलं, एक सामना राहिलाय.

दार त्यानंच उघडलं. केस सगळे पांढरे, पण अंगकाठी तशीच. त्यानं मला ओळखायला फार वेळ घेतला नाही. दाराची कडी धरून उभा राहिला. मी पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते, त्यातला एक शब्द आठवेना. तेव्हा मी उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या उजवा हात वर केला. पूर्वीचा खांदा राहिलेला नाही, हात कानापर्यंतच गेला.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "आता?"

"लागलं होतं," मी म्हटलं. "घोट्यामागे. नख लागलं होतं तुझं."

"मला सांगतोस? नख माझं होतं." मग कडी सोडून म्हणाला, "बाहेर जायला साठ वर्षं लागली रे तुला."

आतून त्याची सून आली. "बाबा, त्यांना आत बोलवा ना, दारातच काय उभं केलंत?"

"बाद आहे तो," गंगाराम म्हणाला. त्यानं आतून एक प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि बाहेर पॅसेजमध्ये, भिंतीला लावून ठेवलं. "बस इथं. तुमच्यापैकी कोणी आमचा गडी मारला की ये आत." हुतूतूत हाच नियम. बाद झालेला कडेला बसतो आणि आपल्या कोणी समोरचा गडी बाद केला की उठून पुन्हा मैदानात येतो.

मी बसलो. तो हसतोय का ते बघितलं, हसत नव्हता. रागावलेलाही दिसत नव्हता. सुनेनं बाहेर चहा आणून दिला, ओशाळून. दार त्यानं लावलं नाही. आत तो खुर्चीवर बसला, माझ्याकडे तोंड करून, आणि दोघांनी आपापला चहा प्यायला.

त्या सामन्यातले आमचे सात गडी मी मनात मोजले. सहा गेले. मास्तर तर कधीच गेले. माझ्या बाजूनं चढाईला जाऊन मला उठवणारं आता कोणी उरलेलं नाही. चहा संपला, कप मी स्टुलाखाली ठेवला आणि बसून राहिलो.